पोटाच्या वरच्या भागातील पाच अवयव : रचना, कार्य आणि आपले आरोग्य

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



संस्थेने आम्हांला शरीररचनेवर बोलण्यास सांगितले, तेव्हा संपूर्ण शरीर एका तासात उरकण्यापेक्षा एकच भाग नीट समजून घ्यावा असे आम्ही ठरविले. तो भाग म्हणजे छातीच्या खाली आणि बेंबीच्या वर असलेले पोट. हाच भाग का निवडला, असे कोणी विचारील. आपल्या वस्तीत, आपल्या घरात माणूस आजारी पडला की बहुधा तो एवढेच सांगतो की, "पोटात दुखते" किंवा "डोळे पिवळे झाले". या दोन वाक्यांवर आपण स्वतःच निदान करतो आणि स्वतःच उपचारही करतो. पोटात दुखणे म्हणजे गॅस आणि डोळे पिवळे होणे म्हणजे कावीळ, मग काविळीवर माळ किंवा झाडपाला! यात जे दिवस वाया जातात, त्यांची किंमत पुष्कळदा जिवाने मोजावी लागते. म्हणून आज आम्हांला एवढेच सांगावयाचे आहे की, पोटात दुखणे हे निदान नव्हे आणि कावीळ हे रोगाचे नाव नव्हे. त्या दोन्ही खुणा आहेत. कोणत्या अवयवाने ती खूण केली, हे शोधावे लागते. त्यासाठी त्या अवयवांची ओळख हवी.

हाताने काढलेला नकाशा

बेंबीवर बोट ठेवा. तेथून एक रेघ उभी आणि एक आडवी ओढली आहे अशी कल्पना करा. पोटाचे चार भाग झाले. त्यांतील वरच्या दोन भागांत आजचे पाच अवयव आहेत. उजवीकडे बरगड्यांच्या आड यकृत आणि त्याच्या खालच्या बाजूस चिकटलेले पित्ताशय. मध्यापासून डावीकडे जठर. जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला आडवे टेकून, स्वादुपिंड. अगदी डाव्या कोपऱ्यात, बरगड्यांखाली, प्लीहा. या सर्वांवर घुमटासारखे श्वासपटल आहे आणि त्या पटलाच्या वर हृदय आणि फुफ्फुसे. म्हणजे हृदय आणि जठर यांच्यामध्ये एका पातळ पडद्याचेच अंतर आहे. ही गोष्ट लक्षात ठेवा, तिचे काम पुढे पडणार आहे.

यांतील काही नावे फार जुनी आहेत. पाली वाङ्मयात शरीराच्या बत्तीस घटकांची यादी येते, तिच्यात यकन म्हणजे यकृत, पिहक म्हणजे प्लीहा आणि पित्त ही नावे आहेत. नावे जुनी असली तरी त्यांचे खरे कार्य मात्र गेल्या दोनशे वर्षांतच उलगडत गेले.

जठर

जठर म्हणजे स्नायूंची पिशवी. साधारण एक ते दीड लिटर अन्न तिच्यात मावते. ही पिशवी नुसती साठवण करीत नाही. ती अन्न घुसळते आणि तिच्या आतील अस्तरातून दिवसाला सुमारे दोन लिटर पाचक रस सुटतो. त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते इतके तीव्र की अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जंतू तेथेच मरतात. मग जठर स्वतःला का पचवीत नाही? कारण त्याच्या अस्तरावर चिकट श्लेष्म्याचा थर सतत तयार होत असतो.

हे ज्ञान कसे मिळाले, याची हकिगत विद्यार्थ्यांनी ऐकण्यासारखी आहे. ६ जून १८२२ रोजी अमेरिकेतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नावाच्या तरुण मजुराला अगदी जवळून बंदुकीची गोळी लागली. तो फरच्या व्यापाऱ्यांकडे काम करीत असे. विल्यम ब्यूमाँट या लष्करी डॉक्टरने त्याला वाचविले. पण जखम बुजताना जठराला बाहेरून एक कायमचे भोक राहिले. त्या भोकातून ब्यूमाँटने दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडले, ठराविक वेळाने बाहेर काढून पाहिले, रस काढून बाटलीत अन्न पचते का तेही तपासले. १८३३ साली त्याने ही निरीक्षणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली आणि पचन ही रासायनिक क्रिया आहे हे जगाला पटले. डॉक्टरचे नाव अजरामर झाले. परंतु तो मजूर? त्याला लिहिता येत नव्हते. प्रयोगांसाठी केलेल्या करारावर त्याने खूण केली होती आणि डॉक्टरच्या घरी तो नोकर म्हणूनही राबत होता. १८८० साली तो मरण पावला तेव्हा डॉक्टरांनी शवविच्छेदन करू नये म्हणून घरच्यांनी त्याचे शव काही दिवस तसेच ठेवले आणि मग खोल पुरले. शास्त्र वाढले हे खरे, पण ते एका गरीब माणसाच्या पोटातून, त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन वाढले, हेही तितकेच खरे. आज कोणत्याही प्रयोगापूर्वी माणसाची समजून-उमजून दिलेली संमती लागते. तो हक्क आपणही विसरू नये.

आपण मराठीत "पित्त झाले" म्हणतो, तेव्हा बहुधा ते जठरातील आम्ल असते. अंगावर गांधी उठल्या तरी आपण "पित्त उठले" म्हणतो, ती ॲलर्जी असते. खरे पित्त यकृतात तयार होते आणि त्याचा या दोहोंशी संबंध नाही. एकाच शब्दाने तीन गोष्टींना हाक मारल्यामुळे घरगुती निदानात गोंधळ होतो.

जठराच्या व्रणाबद्दलही एक समजूत होती की, तो काळजीने आणि तिखट खाण्यानेच होतो. ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातील वळणदार जंतू प्रयोगशाळेत वाढवून दाखविला. कोणी विश्वास ठेवीना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जंतू स्वतः पिऊन जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले. व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर ओझी उचलणारे आणि शिवणयंत्रावर वाकणारे आपले कित्येक बांधव-भगिनी दुकानातून अशा गोळ्या घेऊन उपाशीपोटी खातात. काळी, डांबरासारखी शौचास झाली तर जठरात रक्तस्राव होत असण्याची शक्यता आहे. त्या दिवशीच रुग्णालय गाठावे.

यकृत

खाटकाकडे आपण ज्याला कलेजी म्हणतो, ते यकृत. काळीज म्हणजे आपल्या भाषेत हृदय आणि कलेजी म्हणजे यकृत, शब्द एकाच घरातले पण अवयव दोन! मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. शरीराच्या आत याहून मोठा दुसरा अवयव नाही.

यकृताची खरी गंमत त्याच्या रक्तपुरवठ्यात आहे. इतर अवयवांना रोहिणीतून शुद्ध रक्त मिळते. यकृताला मात्र सुमारे तीन-चतुर्थांश रक्त एका नीलेतून येते. तिला प्रतिहारी नीला म्हणतात. जठर, आतडी, स्वादुपिंड आणि प्लीहा यांतून निघालेले सर्व रक्त या नीलेतून आधी यकृतात जाते आणि मगच हृदयाकडे. गावच्या जकातनाक्यासारखे हे आहे. आलेल्या मालाची तपासणी झाल्याशिवाय तो पुढे जात नाही. साखर जास्त असेल तर यकृत ती साठविते, उपास पडला तर परत रक्तात सोडते. रक्त गोठण्यास लागणारी प्रथिने तयार करते. औषधे, दारू, विषारी द्रव्ये यांचा निकाल लावते. आणि पित्त तयार करते.

एक थोर गुण म्हणजे यकृत पुन्हा वाढते. जिवंत दात्याच्या यकृताचा भाग काढून रुग्णाला दिला तर दात्याचे उरलेले यकृत काही महिन्यांत जवळजवळ पूर्ववत आकाराचे होते. पण वर्षानुवर्षे दारू पडत राहिली, किंवा ब आणि क प्रकारच्या काविळीचे विषाणू ठाण मांडून बसले, तर जिवंत पेशींच्या जागी कडक तंतू तयार होतात. मग प्रतिहारी नीलेतील रक्ताची वाट अडते. अडलेल्या पाण्याने मागे फुगवटा यावा तसे होते. पोटात पाणी साचते, म्हणजे जलोदर होतो, प्लीहा फुगते आणि अन्ननलिकेतील नीला फुटून रक्ताची उलटी होते. दारू न पिणाऱ्यांतही पोटावरची चरबी आणि मधुमेह यांमुळे यकृतात चरबी साचते, हेही सांगितले पाहिजे.

पित्ताशय

यकृत दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. दोन जेवणांच्या मध्ये ते पित्ताशयात साठते व घट्ट होते. पित्ताशय म्हणजे बोटाएवढ्या लांबीची, नासपतीच्या आकाराची पिशवी, तीस ते पन्नास मिलिलिटर मावेल एवढी. तेलकट-तुपकट अन्न आतड्यात उतरले की ती आकसते आणि पित्त खाली ढकलते. साबणाने तेल फुटावे तसे पित्ताने चरबी फुटते. या पिशवीत खडे झाले आणि एखादा खडा वाटेत अडकला, तर उजव्या बरगडीखाली कळ येते आणि ती पाठीत किंवा उजव्या खांद्यात जाते. खांद्यात का? कारण श्वासपटलाची मज्जा मानेतून खाली येते आणि खांद्याच्या त्वचेची मज्जाही तेथूनच निघते. मेंदूला दोन्हींत भेद करता येत नाही.

स्वादुपिंड

हा अवयव लाजाळू म्हणावा असा, जठरामागे दडलेला. बारा ते पंधरा सेंटिमीटर लांब. त्याचे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले आणि शेपटी प्लीहेपर्यंत पोहोचलेली. त्याची कामे दोन. पहिले, पाचक रस आतड्यात सोडणे. या रसात क्षार असतो, त्यामुळे जठरातून आलेले आम्ल शमते. दुसरे, रक्तात इन्सुलिन सोडणे. इन्सुलिन तयार करणारी पेशींची बेटे १८६९ साली पाउल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने प्रथम पाहिली. विद्यार्थी मित्रांनो, विद्यार्थिदशेतले काम होते ते! १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी स्वादुपिंडाचा अर्क काढला आणि जानेवारी १९२२ मध्ये मधुमेहाने मरणाच्या दारात असलेल्या चौदा वर्षांच्या मुलाला तो टोचण्यात आला. तो मुलगा वाचला. इन्सुलिनचे पेटंट संशोधकांनी नाममात्र एक-एक डॉलर घेऊन विद्यापीठाला दिले.

पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नलिका बहुधा एकाच तोंडाने आतड्यात उघडतात. म्हणून पित्ताशयातला खडा घसरून त्या तोंडाशी अडकला तर स्वादुपिंड सुजते. दारूनेही ते सुजते. पोटाच्या वरच्या भागातून आरपार पाठीत जाणारी, पुढे वाकल्यावर थोडी कमी होणारी असह्य वेदना ही त्याची खूण. हा आजार घरी थांबण्याचा नव्हे.

प्लीहा

ग्रामीण भागात हिला पाणथरी म्हणतात. शरीररचनेच्या विद्यार्थ्यांना तिच्यासाठी विषम संख्या पाठ करायला लावतात : एक इंच जाड, तीन इंच रुंद, पाच इंच लांब, सात औंस वजन, नवव्या ते अकराव्या बरगडीखाली. निरोगी मोठ्या माणसात ती सहसा हाताला लागत नाही. हाताला लागली तर बहुधा ती दोन-तीन पट तरी वाढलेली असते.

प्लीहा म्हणजे रक्ताची गाळणी. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात. म्हाताऱ्या, कडक झालेल्या पेशींना प्लीहेच्या अरुंद वाटांतून वाकून जाता येत नाही आणि तेथेच त्यांचा शेवट होतो. शिवाय रक्तातील काही विशिष्ट जंतूंना, विशेषतः न्यूमोनिया व मेंदूज्वर करणाऱ्या जंतूंना, अडविण्याचे काम तिचेच.

पिवळ्या रंगाचा प्रवास

आता या पाचांपैकी चार शेजारी एका धाग्यात ओवता येतात. तो धागा म्हणजे पिवळा रंग. प्लीहेत तांबडी पेशी मोडली की तिच्यातून बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य निघते. रक्तातून ते यकृतात जाते. यकृत त्याला पाण्यात विरघळणारे करते. ते पित्तात उतरते, पित्ताशयात थांबते, स्वादुपिंडाच्या डोक्याजवळून जाणाऱ्या नलिकेतून आतड्यात पडते आणि शौचाला नेहमीचा रंग देते. या वाटेवर कोठेही खोळंबा झाला की रंग रक्तात साचतो आणि डोळे पिवळे होतात.

म्हणून काविळी तीन प्रकारच्या. पेशी फार वेगाने मोडत असतील तर पहिली. तीत यकृत निरोगी असूनही डोळे पिवळे दिसतात. यकृतालाच विषाणू, दारू वा औषधाने इजा झाली तर दुसरी. नलिका खड्याने किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने बंद झाली तर तिसरी. तिसरीत शौचास पांढुरकी होते, लघवी गडद होते आणि अंगाला खाज सुटते. तिन्हींचे उपचार वेगळे. पहिलीत रक्ताची तपासणी, तिसरीत पुष्कळदा शस्त्रक्रिया वा दुर्बिणीतून इलाज. मग तिन्हींना एकच माळ कशी लागू पडेल?

लोक म्हणतात, "पण आमची कावीळ माळेने उतरली." ती उतरली हे खरे. दूषित पाण्यातून होणारी अ आणि ई प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते. हात चुन्याच्या निवळीत धुवून पिवळे पाणी काढून दाखवितात, त्यात आधी हाताला आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो. कावीळ नसलेल्या माणसाच्या हातूनही तेवढेच पिवळे पाणी निघते. आपल्या मुलांनी हा प्रयोग घरी करून पाहावा.

ई प्रकारची कावीळ गरोदर स्त्रीला मात्र जिवावर बेतू शकते. १९५५-५६ साली दिल्लीत यमुनेचे पिण्याचे पाणी सांडपाण्याने दूषित झाले आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. तो अ विषाणू असावा असे तेव्हा मानले गेले. जपून ठेवलेले रक्ताचे नमुने १९८० साली तपासले तेव्हा तो अ नव्हता हे कळले आणि पुढे तो ई ठरला. ब प्रकारच्या काविळीविरुद्ध लस आहे. २०११ पासून ती देशभरातील सरकारी लसीकरणात आली. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत बाळाला तिचा पहिला डोस मिळाला का, हे बाळंतिणीच्या घरच्यांनी विचारून घ्यावे.

सिकलसेल आणि आपण

पहिल्या प्रकारच्या काविळीचे आपल्या विदर्भातील एक मोठे कारण म्हणजे सिकलसेल. यात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि १२० दिवसांऐवजी दहा ते वीस दिवसांतच मोडतात. अमेरिकेत जेम्स हेरिक यांनी १९१० साली तिचे प्रथम वर्णन केले. भारतात १९५२ साली निलगिरीतील आदिवासींत ती आढळल्याची नोंद झाली. विदर्भात आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागास जातींत ती बरीच आढळते. याचा कोणाच्या हीनपणाशी सुतराम संबंध नाही. जेथे मलेरियाचा कहर होता, तेथे एकच दोषयुक्त जनुक असलेली माणसे मलेरियातून अधिक वाचली आणि ते जनुक टिकले. निसर्गाने केलेला तो हिशोब आहे, कोणाचे पाप नव्हे.

या आजारात आजचे तीन अवयव एकदम सापडतात. डोळे पिवळे राहतात. लहान वयातच पित्ताशयात काळे खडे होतात. आणि प्लीहा दगा देते. कधी लहान मुलाच्या प्लीहेत काही तासांत भरपूर रक्त अडकते. मूल पांढरेफटक पडते, मलूल होते, डावीकडचे पोट फुगते. अशा वेळी तातडीने रक्त चढविले तरच मूल वाचते. म्हणून डॉक्टर अशा मुलाच्या आईला डाव्या बरगडीखाली बोटे ठेवून प्लीहा चाचपायला शिकवितात. अक्षरओळख नसलेली माताही हे उत्तम शिकते. दुसरे, प्लीहा निकामी झाली की जंतू अडविणारे कोणी उरत नाही. म्हणून सिकलसेलग्रस्त मुलाचा ताप म्हणजे साधा ताप नव्हे. पेनिसिलीन, न्यूमोकोकसची लस आणि हायड्रॉक्सियुरिया ही औषधे या मुलांचे आयुष्य वाढवितात. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली असून सरकारी केंद्रांत तिची तपासणी होते.

आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल पीडित होण्याची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारांत एक असते. वाहक व्यक्ती सहसा आजारी नसते. लग्नापूर्वी दोघांनीही तपासणी करावी. फक्त मुलीची तपासणी करून तिला नाकारणे हा अन्याय आहे, कारण जनुक दोघांकडून येते.

लक्षात ठेवण्याच्या खुणा

शेवटी थोडक्यात सांगतो. छातीच्या खड्ड्यात दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, दम लागला, तर सोडा घेऊन वाट पाहू नये. श्वासपटलाच्या वरचे हृदय तेथूनच हाक मारीत असेल. रक्ताची उलटी, काळी शौच, पांढरी शौच, काविळीबरोबर ताप वा गुंगी, गरोदरपणातील कावीळ, सिकलसेलच्या मुलाचा ताप किंवा अचानक आलेला पांढरेपणा, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. आणि डॉक्टरला नुसते "पोट दुखते" न सांगता बोट ठेवून जागा दाखवावी, कळ कोठे जाते, जेवणाने वाढते की कमी होते, लघवी-शौचाचा रंग काय, हे सांगावे. एवढे सांगितले तरी निम्मे निदान होते.

विद्यार्थ्यांना एक शब्द. १८३६ साली कलकत्त्यात मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केले, तेव्हा प्रेताला हात लावणे विटाळाचे मानणाऱ्या समाजात ते मोठे धाडस होते. शरीर उघडून पाहिल्यावर आत जात दिसत नाही. यकृत त्याच जागी, प्लीहा त्याच बरगड्यांखाली असते. आपल्यातील मुला-मुलींनी हे शास्त्र शिकावे, डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ व्हावे आणि शिकलेले वस्तीत परत आणावे. तोवर आजची पाच नावे आणि त्यांच्या पाच जागा घरी जाऊन निदान एका माणसाला समजावून सांगाव्यात, एवढीच आमची विनंती आहे.